देवाशी धरलेला अबोला

मी देवाकडे बदली मागितली आणि ती मला मिळाली. फक्त कुठवर जायचं आहे, हे त्याच्यापर्यंत नीट पोचलं नव्हतं.

प्रार्थना करायला मी वडिलांकडून शिकलो. नगरकडच्या आमच्या गावात ते ख्रिस्ती मंडळीतले मानाचे माणूस. रविवारी उपासनेत ते प्रार्थनेला उभे राहिले की घरी चुलीवर कालवण ठेवून आलेल्या बायकांची चुळबूळ सुरू व्हायची. पण वडिलांची प्रार्थना शिस्तीची असे. आधी देवाची स्तुती, मग आपल्या पापांची कबुली, मग मागण्या, त्याही महत्त्वाप्रमाणे. पुढे मी प्राथमिक शिक्षक झालो, जिल्हा परिषदेत अर्ज लिहायला शिकलो आणि ही दोन्ही शिक्षणं माझ्यात मिसळून गेली. देवासमोर डोळे मिटले की मनात आधी 'विषय' उमटायचा. शेवटी 'आमेन' म्हणताना पोच घ्यावीशी वाटायची.

नोकरीची पहिली काही वर्षं जव्हार तालुक्यात गेली, दाभोशाच्या बाजूला. नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. जव्हारचं नाव तेव्हा पेपरात सारखं यायचं, आणि ते कुपोषणाच्या बातम्यांत यायचं. आईची पत्रं यायची, 'तिकडे काय खरं नाही, इकडे ये.' खरं म्हणजे माझं काहीच बिघडलं नव्हतं. जवळ नदी होती, जव्हारला जायला जीप होती, शाळेतली मुलं माझ्यापेक्षा शहाणी होती. पण आपण फार मोठा त्याग करतो आहोत असं मला वाटायला लागलं होतं. त्याची दखल घेऊन नगर जिल्ह्यात बदली व्हावी, असं मी देवाला रोज सुचवत होतो.

जव्हारमध्ये आमच्या ओळखीची ख्रिस्ती माणसं मोजकीच. सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर, बँकेतला एक कारकून आणि त्याची बायको, एक निवृत्त कंपाउंडर आणि आम्ही. महिन्यातून दोन रविवारी सिस्टरच्या क्वार्टरमध्ये चटया अंथरून उपासना व्हायची. पाळक कुणी नव्हता. माझा आवाज बरा, म्हणून उपदेशाचं काम माझ्याकडे आलं. माझा हातखंडा विषय एकच, देवाचं बापासारखं प्रेम. त्यावर मी चाळीस मिनिटं न थांबता बोलू शकायचो. बाप लेकराला विसरत नाही, बाप लेकराला उचलून घेतो, वगैरे. कारकुनाची बायको डोळ्यांना पदर लावायची. ते पाहिलं की मी आणखी पाच मिनिटं वाढवायचो. तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती आणि तिला रात्री-अपरात्री उचलून घेण्याचं काम तिची आई करायची, हा भाग उपदेशात येत नसे.

मग बदलीचा आदेश आला. मोखाडा तालुका, सूर्यमाळजवळच्या डोंगरावरच्या एका पाड्याची शाळा. नगर जव्हारच्या पूर्वेला आहे आणि मोखाडाही पूर्वेलाच, तेव्हा देवाने माझा अर्ज निदान अर्धा वाचला होता असं म्हणता येईल.

आदेश हातात घेऊन मी घरी आलो. बायकोने तो वाचला, घडी घातली आणि विचारलं, "तिकडे पाणी कसं आहे?"

"पाणी? तुला पाण्याचं पडलंय? मी इतकी वर्षं देवाला काय मागतोय आणि..."

"अहो, बदली तर झालीच आहे. पाण्याचं विचारून ठेवते."

ती ज्या गोष्टी विचारून ठेवते त्याच पुढे महत्त्वाच्या ठरतात, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

सूर्यमाळला उंचीमुळे हवा थंड, झाडी दाट. पावसाळ्यात तिथे इतकं पाणी पडतं की चपला वाळत नाहीत, आणि फेब्रुवारी सरला की तेच पाणी डोंगर उतरून कुठे निघून जातं ते कुणाला सापडत नाही. घरं लांब लांब विखुरलेली. आमची खोली शाळेला लागून होती. शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. तिचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर ठाण्याकडे कामाला जायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. म्हातारीने पहिल्याच दिवशी आमच्या दारात येऊन नागलीची भाकर ठेवली आणि मला निरखून विचारलं, "गुरुजी, तू किती दिस राहशील?" त्या भागात देवाला आणि गुरुजीला सारखंच 'तू' म्हणतात. देवाला त्याचं काही वाटत नसावं. मला मात्र तेव्हा वाटलं.

त्याच संध्याकाळी मी देवाशी अबोला धरला.

आमच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना व्हायची आणि ती मी चालवायची, असा लग्नापासूनचा नियम. मी बायकोला म्हणालो, "आज तूच कर. माझा गळा बसलाय."

तिने केली. दोन मिनिटांत आटोपली. घर मिळालं म्हणून आभार, शेजारीण चांगली मिळाली म्हणून आभार, मुलीचा खोकला बरा कर, आमेन. मुलगी तेव्हा चौथ्या वर्षात होती, तिला ही पद्धत फार आवडली.

दुसऱ्या दिवशीही माझा गळा बसलेला होता. तिसऱ्या दिवशीही. बायकोने आधी ज्येष्ठमध दिला, मग हळदीचं दूध. मग म्हातारीला कळलं आणि ती कुठल्याशा झाडाची साल घेऊन आली. त्या सालीचा काढा मी रोज संध्याकाळी पीत होतो. एका माणसाचं देवाशी बिनसतं आणि त्यावर त्याला काढा प्यावा लागतो, असं दुसरीकडे कुठे घडलं असेल असं मला वाटत नाही. शाळेत पाढे म्हणून घेताना माझा आवाज समोरच्या टेकडीला लागून परत यायचा. बायको घरात बसून तो ऐकायची. काढ्यात गूळ घालायचं तिने बंद केलं.

असे चार महिने गेले. आणि याहून लाजेची गोष्ट म्हणजे महिन्यातून दोनदा जव्हारला उपासनेला गेलो की माझा गळा आपोआप सुटायचा. देवाशी एक शब्द न बोलणारा मी तिथे उभा राहून देवाबद्दल चाळीस मिनिटं बोलायचो. विषय तोच, बापाचं प्रेम. कारकुनाची बायको पदर लावायची. परतीच्या जीपमध्ये बायको खिडकीबाहेर बघत बसायची.

मार्च संपता संपता पाड्याजवळची विहीर खरवडायला आली. मग सगळ्यांचं पाणी दरीतल्या झऱ्यावर. खाली उतरायला वीस मिनिटं आणि भरलेला हंडा घेऊन वर यायला त्याच्या दुप्पट. मी एकदा पुरुषार्थ दाखवायला हंडा घेऊन गेलो. डोक्यावर तो राहीना, म्हणून पोटाशी कवटाळून चढायला लागलो. वर पोचलो तेव्हा हंड्यात अर्धं पाणी होतं आणि उरलेलं अर्धं माझ्या विजारीत. वाटेवरच्या बायका हसून हसून खाली बसल्या. म्हातारी म्हणाली, "गुरुजी, तुझ्याच्यानी नाय व्हायाचा. तू पोरांना शिकव." तेव्हापासून पाणी बायकोच आणायची, आणि मी देवाविरुद्धच्या माझ्या तक्रारींत ही आणखी एक जोडली. बायकोला पाणी वाहावं लागतं ही तक्रार माझी होती. वाहत ती होती.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी जव्हारला उपासना होती. दुपारी बायको झऱ्यावर निघाली. झऱ्याचं पाणी गढूळ यायला लागलं होतं, म्हणून ती ते गाळून उकळायची. निघताना तिने मला सांगितलं, "स्टोव्हवर पातेलं ठेवलंय. उकळी आली की उतरवून वर फळीवर ठेवा. खाली ठेवू नका, ही फिरते आहे."

मी हो म्हणालो. मी उपदेशाचे मुद्दे काढत बसलो होतो. स्टोव्ह मंद होता, पाण्याला उकळी यायला तासभर लागला. मी उठलो, पातेलं उतरवलं, आणि तेवढ्यात मला एक चांगलं वाक्य सुचलं. ते विसरू नये म्हणून मी पातेलं तिथेच जमिनीवर ठेवून वहीकडे गेलो. वाक्य काय होतं ते आज आठवत नाही. बापाच्या प्रेमाबद्दलच असणार.

मुलगी एका डब्याला दोरी बांधून मागे मागे चालत तो ओढत होती. तिचा पाय पातेल्याला अडखळला आणि ते तिच्या पायावर कलंडलं.

ती किंकाळी मी सांगणार नाही. मी उठलो, तिला उचललं आणि अंगणात धावलो. त्यापुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. डाव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उकळतं पाणी पडलं होतं. मी तिला घेऊन अंगणात गोल फिरत होतो आणि मोठ्याने 'प्रभू, प्रभू' म्हणत होतो. चार महिन्यांनी मी देवाला मारलेली ती पहिली हाक, पण तिला प्रार्थना म्हणवत नाही. विंचू चावलेला माणूसही तसाच ओरडतो.

म्हातारी धावत आली. "तिला खाली ठेव! पानी आन!"

घरात पाणी नव्हतं. जे होतं ते जमिनीवर सांडलं होतं. त्याच वेळी बायका झऱ्यावरून वर येत होत्या, एकामागून एक पाच जणी, त्यांत माझी बायकोही. सगळ्यांत पुढे असलेल्या बाईने अंगणातला प्रकार पाहिला आणि काही न विचारता डोक्यावरचा हंडा उतरवून मुलीच्या पायावर ओतायला सुरुवात केली. म्हातारी ओरडत होती, "हळू वत, हळू. धार लाव." तिचा हंडा संपला तशी दुसरी पुढे झाली. मग तिसरी. माझ्या बायकोने आपला हंडा बाजूला ठेवून मुलीला मांडीवर घेतलं होतं. म्हातारीने तोही उचलला आणि ओतला. अंगणात चिखल झाला. पाच घरांचं दिवसभराचं प्यायचं पाणी त्या चिखलात गेलं, आणि मी हातात पेन धरून उभा होतो. ते पेन तिथवर माझ्याबरोबर कसं आलं ते मला आजही कळत नाही.

एका बाईच्या दिराची जीप खोडाळ्याला जाणार होती, ती मिळाली. मुलीला ओल्या चादरीत गुंडाळून आम्ही निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर त्या बायका रिकामे हंडे घेऊन पुन्हा दरीकडे चालल्या होत्या. ऊन डोक्यावर होतं.

खोडाळ्याच्या दवाखान्यात औषध लावून त्यांनी जव्हारला न्यायला सांगितलं. जव्हारच्या दवाखान्यात ड्युटीवर आमचीच सिस्टर होती. तिने मुलीला पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं, आणि सगळं झाल्यावर मला म्हणाली, "भाऊ, लगेच पाणी ओतलंत ते फार चांगलं केलंत. नाहीतर जखम याहून खोल गेली असती."

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मी नाही ओतलं. पातेलं मी खाली ठेवलं होतं."

सिस्टरने मान हलवली आणि तापाचा तक्ता लिहायला गेली. बायको काहीच म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही. तिने एकदा तरी बोलावं म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली.

सोमवारी पहिलं ड्रेसिंग होतं. चिकटलेली पट्टी सोडवायची, मेलेली कातडी काढायची, धुवायचं, मलम लावून पुन्हा बांधायचं. मुलीला कुणीतरी घट्ट धरायला हवं. मी पुढे झालो, कारण इतकं तरी मी करायलाच हवं होतं. तिचे दोन्ही हात आणि छाती मी माझ्या अंगाशी दाबून धरली. पट्टी सुटायला लागली तशी ती ओरडली, "पप्पा, त्यांना सांग ना बास!" मी म्हणालो, "झालं, झालं." झालं नव्हतं. तिने माझं मनगट चावलं. मी खाली तिच्या पायाकडे पाहिलं, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो आणि वॉर्डातली मावशी माझ्या तोंडावर पाणी मारत होती. पाणी सगळ्यांनी मुलीसाठी वाहायचं आणि उरलेलं माझ्यावर मारायचं, असा तो आठवडा होता. पलंगावरून मुलगी रडणं थांबवून वाकून माझ्याकडे बघत होती. सिस्टर म्हणाली, "भाऊ, उद्यापासून तुम्ही बाहेर बसा. मावशी धरतील. त्यांना सवय आहे."

मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगची ट्रॉली आली तसा मी दाराकडे निघालो. मावशीने पदर खोचला आणि मुलीला धरायला हात पुढे केले. मुलगी मागे सरकली.

"मावशी नको. पप्पा धरेल."

सिस्टर म्हणाली, "अगं, पप्पाला चक्कर येते. मावशी छान धरते बघ, हळू."

"नाही. पप्पाच."

मी दारात थांबलो. काल मीच तिला दाबून धरलं होतं. तिच्या मते तिला दुखवणाऱ्यांत मी होतोच. त्यांना सांग म्हणाली तेव्हा मी सांगितलं नव्हतं. तिचे दात माझ्या मनगटावर अजून दिसत होते. मला वाटत होतं, आता ही कितीतरी दिवस माझ्याकडे येणार नाही. आणि ती दोन्ही हात माझ्याकडे करून बसली होती.

मी परत गेलो. या वेळी पायाकडे पाहिलं नाही, तिच्या केसांत तोंड घालून बसलो. ती कालच्याइतकीच ओरडली. मला शिव्याही दिल्या, चार वर्षांच्या मुलीला येतील तेवढ्या. "तू वाईट आहेस, तू वाईट आहेस," असं म्हणत माझ्याच शर्टाला धरून राहिली. जुनी कातडी निघाल्याशिवाय नवी येत नाही, हे मी तिला समजावून पाहिलं. ती ऐकत नव्हती. ऐकलं असतं तरी कळलं नसतं. मला सांगता येण्यासारखं एवढंच होतं की मी इथे आहे, आणि ते मी सांगत राहिलो. ड्रेसिंग संपल्यावर ती पाच मिनिटं हुंदके देत राहिली आणि मग माझ्या खांद्यावर झोपली.

तिला घेऊन मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो. दुपारची वेळ होती. आवारात बाहेरगावहून आलेली माणसं झाडाखाली भाकरी सोडून बसली होती. आणि तिथे, तिचं डोकं माझ्या खांद्यावर असताना, मला माझीच लाज वाटली. या पोरीला काहीच कळलेलं नव्हतं. हे का चाललंय, किती दिवस चालणार, पप्पा थांबवत का नाही. तिने माझ्यावर राग काढला तोही माझ्याच अंगाला चिकटून. मी मात्र नगरची बदली मिळाली नाही म्हणून चार महिने तोंड फिरवून बसलो होतो आणि काढा पीत होतो.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. तो अपघात देवाने मला शिकवण्यासाठी घडवला, असं मी तेव्हाही म्हणालो नाही आणि आजही म्हणत नाही. पातेलं मी खाली ठेवलं होतं. ते देवाच्या नावावर टाकायची सोय नव्हती. सूर्यमाळची बदली कुणाच्या मनात आली, देवाच्या की ऑफिसातल्या कुणाच्या, तेही मला कधी कळलं नाही. मला एवढंच दिसलं की त्या चार महिन्यांत मी तोंड फिरवलं होतं, पण मला कुणी खाली ठेवलं नव्हतं. दारातली भाकर होती. बायकोच्या दोन मिनिटांच्या प्रार्थना होत्या, ज्यांत माझ्या गळ्याचं नाव रोज असायचं. पाच हंडे होते. ज्याला मी बाप बाप म्हणून उपदेशात मिरवत होतो, तो हे सगळं करत असताना मी त्याच्यावर मुद्दे काढत बसलो होतो.

मी त्याच्याशी बोलायला गेलो. सवयीने स्तुतीपासून सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडलो. कबुलीवर आलो, तिथेही अडलो. शेवटी फक्त 'बापा' एवढंच म्हणता आलं, आणि ते म्हणून मी फेऱ्या मारत राहिलो.

इथे थांबलो असतो तर माझी थोडी अब्रू राहिली असती. पण अर्ध्या तासाने, मुलीला पलंगावर ठेवल्यावर, मी खिशातून कागद काढला आणि लिहायला लागलो. बायको डबा घासून आली.

"काय लिहिताय?"

"काही नाही. एक दाखला सुचला. बाप लेकराला धरतो आणि लेकरू त्याच..."

"माझ्या पोरीचा पाय उपदेशात घालायचा नाही," ती म्हणाली. चार महिन्यांत ती माझ्याशी इतक्या तीव्रपणे बोलली नव्हती. मग थोडी मऊ झाली. "निदान तिला चालता येईपर्यंत तरी नाही."

मी कागद खिशात ठेवला. फाडला मात्र नाही.

तीन आठवड्यांनी मुलगी लंगडत चालायला लागली. डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली. नेमका त्या दिवशी रविवार होता, म्हणून सिस्टर म्हणाली, उपासना करून मगच सूर्यमाळला जा. क्वार्टरमध्ये सगळे जमले. कंपाउंडर काका मला म्हणाले, "गुरुजी, आज साक्ष द्या. देवाने काय केलं ते सांगा." मी बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. मुलीला चालता येत होतं, तेव्हा अट पुरी झाली होती.

मी उभा राहिलो. सुरुवात चांगली झाली. सिस्टर मान डोलवत होती, कारकुनाच्या बायकोने पदर हातात घेऊन ठेवला होता. मी म्हणालो, "त्या दिवशी मी माझ्या लेकराला घट्ट धरलं होतं..."

"आणि मग पप्पा पडला," पुढच्या चटईवरून मुलगी म्हणाली.

मी सावरून पुढे जाऊ लागलो. "लेकराच्या वेदना बापाला..."

"धपकन पडला. मावशीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. मी नाही पडले."

सिस्टरला हसू आवरेना. मग कंपाउंडर काका, मग बायको. कारकुनाच्या बायकोने पदर खरोखरच डोळ्यांना लावला, पण हसून आलेलं पाणी पुसायला. मग मलाही हसू आलं. मी त्यांना मग सगळंच सांगितलं. बसलेला गळा, काढा, फळी, पातेलं, पेन. त्यातलं बरंचसं त्यांना सिस्टरकडून कळलेलं होतंच. दहा मिनिटांत संपलं. इतका आखूड उपदेश मी त्याआधी कधी केला नव्हता. निघताना काका माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आज बरं वाटलं हो ऐकायला." त्याआधीच्या वर्षांत काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

दुपारी उशिरा आम्ही पाड्यावर पोचलो. मुलगी जीपमधून उतरून लंगडत थेट म्हातारीच्या घरी गेली आणि पाय वर करून तिला दाखवला. म्हातारीने तो मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिला, जसं बाजारात भांडं पाहतात. मी जवळ गेलो. गाडीत मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी इतक्या लांबून आणलेलं पाणी ओतलंत. मी ते कधी विसरणार नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय.

"मंग काय घरी नेऊन प्यायाचा होता?"

ती मुलीचा पाय कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "तू देवाला रोज सांगतास ना काय काय? तुझी बायको बोलं. मंग त्याला सांग, झऱ्याचा पानी पाऊस येईस्तो टिकू दे."

संध्याकाळ झाली. बायकोने कंदील लावला, चटई टाकली. ती सवयीने डोळे मिटून सुरू करणार, एवढ्यात मी म्हणालो, "आज मी करतो."

"गळा?"

"बरा आहे."

मी डोळे मिटले. स्तुतीचं वाक्य आठवेना, मुद्द्यांचा क्रम आठवेना. मी म्हणालो, बापा, मुलगी घरी आली. झऱ्याचं पाणी पावसापर्यंत टिकू दे. म्हातारीने सांगितलंय. मी नीट वागलो नाही. आणि मग पुढचं वाक्य शोधत मी थांबलो. बरंच काही सांगायचं होतं, चार महिन्यांचं साठलेलं.

"आमेन," मुलगी म्हणाली. तिला भूक लागली होती.

बायकोने भाताचं भांडं पुढे ओढलं आणि आम्ही जेवायला बसलो.